बचावपटूचा बायोडेटा

विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसांनी बर्फावर हॉकी खेळावी, हा विचार ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आला त्याला भेटायची माझी फार इच्छा आहे. भांडणार नाही. फक्त आमच्या घरची ती बॅग त्याला एकदा उचलायला लावीन आणि चेन उघडून वास घ्यायला सांगेन.

लेकीला अकराव्या वर्षी हे खूळ लागलं. त्याआधी कथक झालं, अबॅकस झालं, पोहणं झालं. ते सगळं तिने आमच्या तोंडाकडे बघून केलं आणि सोडून दिलं. हे मात्र तिचं तिने शोधलं. एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला मॉलमधल्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, गेली आणि घरी येऊन म्हणाली, "आई, आय वॉन्ट टू प्ले." नवरा लगेच हो म्हणाला. आंग मो किओच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधून आलेला माणूस घरी कशालाही हो म्हणतो.

मग दर रविवारी सकाळी मी, लेक आणि ती बॅग. आम्ही राहतो पासिर रिसला, म्हणजे एमआरटीच्या, इथल्या मेट्रोच्या, हिरव्या लाइनच्या पूर्वेकडच्या टोकाला, आणि रिंक पश्चिमेला, एका मॉलच्या वरच्या मजल्यावर. सबंध देश आडवा ओलांडायचा. बॅगेत छातीचं, कोपरांचं, गुडघ्यांचं, नडग्यांचं अशी सगळी कवचं, आणि घामाने भिजून, सुकून, पुन्हा भिजलेले हातमोजे. सिंगापूरचा माणूस सभ्य असतो, तो नाक धरत नाही. शांतपणे उठून दुसऱ्या डब्यात जातो. आम्हाला तीन वर्षांत बसायला जागा मिळाली नाही असं एकदाही झालं नाही.

रिंकवर पोचलं की मी महाबळेश्वरसाठी घेतलेली कानटोपी चढवायची आणि बाकावर बसायची. बाहेर घामाच्या धारा, आत दात वाजतायत, आणि शेजारी बाकीचे पालक. या पालकांविषयी काय सांगावं! प्रत्येकाच्या हातात फोन, फोनमध्ये आपल्या पोराचा व्हिडिओ, आणि तोंडाने सल्ले. ज्यांना स्वतःला बुटाची नाडी बांधायला वाकता येत नाही ते रिंकभोवतीच्या काचेवर तळहात आपटून "स्केट! स्केट!" म्हणून ओरडायचे. दोन महिन्यांत मीही ओरडायला लागले.

या सगळ्या गोंधळाच्या मधोमध आमचा कोच. कॅनडाचा, पन्नाशीकडे झुकलेला, नाक दोन ठिकाणी वाकलेलं, पुढचे तीन दात खोटे. जमिनीवर चालताना डावा पाय दुसऱ्या कुणाकडून उसना आणल्यासारखा टाकायचा. बर्फावर उतरला की मात्र त्याच्या त्या पायात काही खोट आहे हे कळायचंही नाही. पूर्वी व्यावसायिक खेळाडू होता, बचावपटू, एवढंच आम्हाला माहीत होतं. आमच्याच वसाहतीत, दोन ब्लॉक सोडून, एका म्हाताऱ्या बाईंच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन राहायचा. त्यामुळे रविवारी सकाळी तोही आमच्याच गाडीला, आमच्याच डब्यात, बहुतेक वेळा माझ्या अगदी समोर बसलेला असायचा. त्याला त्या वासाचं काहीच वाटायचं नाही, हे सांगायला नको.

आता समितीचं सांगते. क्लबची नऊ पालकांची एक समिती होती. चिनी होते, तमिळ होते, एक फिनलंडचे गृहस्थ होते, आणि मराठी म्हणून मी एकटी. आमची एक खोड आहे. चार माणसं कुठे जमली की आपण तिथे समिती करतो, आणि समिती झाली की इतिवृत्त लिहायला आपल्यातलंच कुणीतरी हौसेने पुढे होतं. मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत अंतर्गत ऑडिटला आहे. लोकांच्या कागदांत खोट काढायची आणि वर सौजन्याने हसायचं, यावर माझं पोट आहे. तेव्हा सेक्रेटरी मीच झाले, आणि पहिल्याच महिन्यात दोन सुधारणा घडवून आणल्या. पहिली अशी की एकदा मंजूर झालेलं इतिवृत्त पुन्हा उघडायचं नाही, कारण एक गृहस्थ दर बैठकीला जर्सीच्या रंगाचा विषय नव्याने काढायचे. दुसरी सुधारणा म्हणजे मुलांचा तक्ता.

तक्ता फार देखणा होता. प्रत्येक मुलाचं नाव, सामने, त्याने केलेले गोल, दुसऱ्याच्या गोलाला लावलेला हातभार. दर रविवारी संध्याकाळी मी तो पालकांच्या ग्रुपवर टाकायची. सगळ्यांनी वाहवा केली. आपण एका पोरखेळाला शिस्त लावली या आनंदात मी पहिले तीन आठवडे होते. चौथ्या आठवड्यात माझ्या ध्यानात आलं की माझ्याच लेकीच्या ओळीत सगळी शून्यं आहेत.

ती बचावाला खेळायची. म्हणजे आपल्या गोलच्या पुढ्यात, मागे. पुढची पोरं रबराची ती काळी चकती घेऊन धावायची, गोल करायची, एकमेकांच्या गळ्यात पडायची, आणि माझी लेक निळ्या रेषेवर उलटी सरकत उभी. उलटी सरकायला ती सगळ्यांत चांगली होती म्हणे. आता हे कुणाला सांगायचं? गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये प्रसादाच्या रांगेत उभं असताना एका बँकवाल्या गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, "काय, बर्फावर खेळते म्हणे! किती गोल केले?" मी म्हटलं, "ती बचावाला असते." ते म्हणाले, "अस्सं," आणि त्यांच्या बायकोने माझ्या हातावर मोदक ठेवला, आजारी माणसाला ठेवावा तसा. त्यांच्या मुलाने बुद्धिबळात काहीतरी मिळवलेलं होतं, ते त्यांनी पुढची दहा मिनिटं सांगितलं.

पुढच्या रविवारी मी कोचला गाठलं. तिला पुढे खेळवा, म्हटलं. तो बर्फाकडे बघत म्हणाला, "नाही. ती मागेच राहील."

"का पण? तिला वेग आहे, तुम्हीच म्हणता."

"आहे."

"मग?"

"माझा निर्णय आहे," तो म्हणाला आणि शिट्टी वाजवत निघून गेला.

मी हा प्रश्न त्याला नंतर चार वेळा विचारला. एकदा बर्फाशेजारी, एकदा मेसेजवर, दोनदा लेखी पत्राने, समितीला प्रत पाठवून. चारही वेळा तेच उत्तर. मी बँकेत भल्याभल्यांना एका प्रश्नात घाम फोडलेला आहे; आणि हा तीन खोट्या दातांचा माणूस मला कारणसुद्धा देत नव्हता. माझं डोकं फिरलं. मग मी तेच केलं जे माझ्यासारखी माणसं डोकं फिरल्यावर करतात. मी त्याचा रेकॉर्ड काढला.

खेळाडूंची जन्मकुंडली ठेवणाऱ्या एका वेबसाइटवर तो सापडला. अठरा हंगाम, अकरा संघ. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी आणि नवरा ती यादी वाचत होतो आणि हसत होतो. गावांची नावं अशी की नवऱ्याने नकाशावर शोधली तरी दोन सापडली नाहीत. काही हंगामांत गोल एक, काहींत शून्य. सगळ्यांत वरच्या लीगमध्ये, जिथे पोचायला ही माणसं जन्म घालवतात, तिथे किती सामने? दोन. "दोन!" नवरा म्हणाला. "आपला मेहुणा रणजीच्या राखीव यादीत तरी दोन वर्षं होता." एकच रकाना भरभक्कम होता, तो पेनल्टीच्या मिनिटांचा. मी बेरीज केली तर सबंध एक दिवस आणि वर काही तास भरले. एवढा वेळ हा माणूस शिक्षा म्हणून खेळाबाहेरच्या पिंजऱ्यात बसून होता! मुलगी तिच्या खोलीतून म्हणाली, "व्हाय आर यू ऑल लाफिंग?" मी म्हटलं, काही नाही, अभ्यास कर.

गाडीत तो लेकीशी बोलायचा. माझ्याशी नाही, मी फोनमध्ये डोकं घालून बसायची, त्याने तरी काय बोलावं! पण कान उघडे असतात. टाम्पिनीसपासून पुढे अर्धा देश जाईपर्यंत मी त्याची सगळी कारकीर्द ऐकली, तीसुद्धा फुकटची करमणूक म्हणून. अकरा-अकरा तास बसने जायचं, बसच्या फरशीवर झोपायचं, उतरलं की खेळायचं, पुन्हा बस. एकदा न्हाव्याकडे अर्धे केस कापून झालेले असताना फोन आला की तुला दुसऱ्या गावाच्या संघाला देऊन टाकलंय, संध्याकाळी हजर हो. तो अर्ध्या डोक्याने गेला. लेक एवढी हसली की समोरच्या आजी दचकल्या. बायको त्याच्याबरोबर तीन गावं फिरली आणि तिसऱ्या गावात राहिली. त्याला चौथ्या गावाला जावं लागलं. हे सांगताना तोही हसला, पण लेक हसली नाही.

त्या दोन सामन्यांचंही त्याने सांगितलं. तेविसाव्या वर्षी वरच्या संघातून बोलावणं आलं. पहिल्या सामन्यात त्याचं नावही कुणी घेतलं नाही, म्हणजे तो चांगला खेळला. दुसऱ्यात शेवटची दोन मिनिटं राहिलेली, समोरच्याने चकती मारली, हा आडवा पडला आणि ती याच्या घोट्यावर बसली. घोटा फुटला. सात महिन्यांनी परत आला तर त्याच्या जागी दुसरा कुणी स्थिरावला होता. मग पुन्हा बोलावणं आलं नाही.

"मग तुला वाईट नाही वाटलं?" लेकीने विचारलं. तिने इंग्रजीत विचारलं, पण माझ्या कानांना ते असंच ऐकू येतं.

तो जरा विचार करून म्हणाला, "गोल झाला नाही ना."

मी फोनमध्ये बघत नाकाने फुसकारले. पाय मोडून घेतला, जन्माची संधी घालवली, आणि वर समाधान कशाचं तर गोल झाला नाही याचं! आणि असा माणूस माझ्या मुलीला घडवणार. मला त्याची दयासुद्धा आली नाही, इतकी मी चिडलेली होते.

त्याच सुमारास त्याच्या पासचा प्रश्न निघाला. क्लबने करार वाढवला तर त्याचा कामाचा पास वाढणार होता, नाहीतर मुदत संपल्यावर महिनाभरात देश सोडायचा. करार वाढवायचा की नाही हे समिती ठरवणार होती. सहा वर्षं तो इथे होता. त्याचं दुसरं काही कुठे नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण तेही त्याने गाडीत लेकीला सांगितलं होतं.

आणि पास संपत येणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आज आम्ही पर्मनंट रेसिडंट म्हणून तोऱ्यात फिरतो. पण सुरुवातीची सात वर्षं नवऱ्याच्या पासवरच होतो. मुदत जवळ आली की घरात मोठी बरणीसुद्धा आणायची नाही, कारण न्यायची कशी? लेकीच्या शाळेचं नाव काढायचं नाही, पुण्याला फोनवर "सगळं छान" म्हणायचं आणि नवऱ्याने दर तासाला वेबसाइट उघडून बघायची. एका वर्षी उत्तर यायला इतका उशीर झाला की मी कुंडीतलं कढीपत्त्याचं रोप शेजारच्या आंटीला देऊन टाकलं होतं. हे सगळं माझ्यावरून गेलेलं होतं. त्याचा मला त्या आठवड्यात पूर्ण विसर पडला.

समितीचे अध्यक्ष म्हणजे एका गोलकीपर मुलाचे वडील, चिनी, फार सज्जन गृहस्थ. त्यांनी मला फोन केला, इथल्या रिवाजाने वाक्याच्या शेवटी 'ला' लावत. "तुम्ही कोचवर एक पान लिहून द्या. करिअर, अचीव्हमेंट, डिसिप्लिनरी रेकॉर्ड असेल तर तो. तुम्ही ऑडिटच्या ला, तुम्हाला दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटंच लागली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, डब्यातली उसळ एका हाताने खात, मी ते लिहिलं. एकही आकडा खोटा लिहिला नाही. खोटं लिहायला मी काय अडाणी आहे? अठरा हंगाम, अकरा संघ, कोणत्याही संघात सलग तीन वर्षं टिकलेला नाही. गोल नगण्य. सर्वोच्च स्तरावर दोन सामने. शेवटी शिस्तीचा मथळा घातला आणि त्याखाली लिहिलं: संपूर्ण कारकिर्दीत सातत्याने दंडात्मक कारवाई, एकूण मिनिटं इतकी. आमच्या धंद्यात दंड म्हणजे दंड. कुणाला दंड झाला असेल तर त्याने काहीतरी गैर केलेलं असतं, आणि अठरा वर्षं होत असेल तर त्याला आम्ही आमच्या भाषेत 'स्वभाव' म्हणतो. तो रकाना नेमका कशाचा, हे त्या खेळातल्या कुणालाही विचारता आलं असतं. पण ऑडिटवाल्या माणसाला आकडा दिसला की तो पुढे विचारायचं सोडतो, आणि मला तर विचारायचंच नव्हतं.

बैठक शनिवारी दुपारी अध्यक्षांच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये झाली. मी पानाच्या प्रती वाटल्या. सगळे वाचत होते. हा खेळ लहानपणापासून बघितलेले फिनलंडचे गृहस्थ तेवढे त्या दिवशी परगावी होते; ते असते तर एका वाक्यात माझं पितळ उघडं पडलं असतं. एक बाई मान वर करून म्हणाल्या, "सो व्हायोलंट, आह? आणि आपण मुलं याच्या ताब्यात देतो?" दुसरे म्हणाले की त्यांना हे आधीपासून वाटतच होतं, नाकावरून. तिसऱ्यांना एक तरुण कोच माहीत होता, पुढच्या फळीचा खेळाडू, त्याने केलेल्या गोलांचा व्हिडिओसुद्धा होता. तो सगळ्यांनी पाहिला. वीस मिनिटांत निर्णय झाला. मी मत दिलं नाही, सेक्रेटरीने तटस्थ राहावं असा माझा दंडक होता. त्या तटस्थपणाचा मला घरी जाताना अभिमान वाटत होता, हेही सांगून टाकते.

पुढचे दोन रविवार तो गाडीत होता. लेकीशी नेहमीसारखंच बोलला. तिला अजून कळलेलं नव्हतं. तिसऱ्या रविवारी उतरताना तो माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "तुमच्याकडे एक काम होतं. उद्या सकाळी वेळ आहे का?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आमच्या ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, तो कॉफी घेऊन बसला होता. एका पिशवीत कागद. "मला बायोडेटा लिहायचाय," तो म्हणाला. "मी कधी लिहिलाच नाही. खेळत होतो तेव्हा एजंट बघायचा. दोन-तीन क्लबांना पाठवायचाय. क्लबमध्ये सगळे म्हणतात, तुम्ही चांगलं लिहिता."

मी माझा कॉफीचा कप खाली ठेवला. याला माहीत नाही, असं मी समजले. आणि माहीत नाही तर कशाला सांगा, असा हिशेबी विचार लगेच मनात आला. मी लॅपटॉप उघडला आणि कामाला लागले. एकेक हंगाम घ्यायचा, आकडे वाचायचे, तपशील विचारायचा. शेवटी त्या रकान्याशी आलेच. मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "या वर्षी एवढी मिनिटं कशाची?"

"त्या वर्षी आमचा गोलकीपर एकोणीस वर्षांचा होता," तो म्हणाला. "समोरचे मुद्दाम त्याच्या अंगावर जायचे. मी त्यांना उचलून बाजूला करायचो. दर वेळी दोन मिनिटं."

"आणि या वर्षी?"

"एक छोटा, चपळ पोरगा होता आमच्याकडे. त्याला मागून मारायचे. त्याच्या वाटचं मी भांडायचो. त्याची पाच मिनिटं."

"ही?"

"ही माझी चूक. समोरचा मला चुकवून एकटा गोलकडे निघाला. मी त्याला मागून काठीने अडवला. दोन मिनिटं बसलो, पण गोल वाचला."

मी वर्ष वाचत गेले, तो सांगत गेला. त्याला प्रत्येक आठवत होतं. काही ठिकाणी तो स्वतःलाच शिव्या द्यायचा, "हा मूर्खपणा होता, याचं कारण सांगू नका कुणाला." पण बहुतेक ठिकाणी कुणीतरी दुसरा होता, ज्याच्यासाठी तो जाऊन बसला होता. मी विचारलं की संघाचे लोक रागवायचे नाहीत का? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तेच तर काम होतं. पगार त्याचाच होता." मग म्हणाला, की तसा बसून परत आलं की बाकावरचे सगळे काठ्या आपटायचे, शाबासकी म्हणून.

मला समोरचे कागद दिसेनासे झाले. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऑडिट कुणीतरी करत होतं आणि त्याला ते माहीतही नव्हतं. मी लॅपटॉप मिटला. "समितीपुढे जे पान ठेवलं होतं ना," मी म्हटलं, "ते मी लिहिलं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "अध्यक्षांनी मला दाखवलं. खाली सेक्रेटरी म्हणून तुमचं नाव होतं."

"मग तुम्ही माझ्याकडे कशाला आलात?"

"आकडे सगळे बरोबर होते," तो म्हणाला. "दुसरे लोक तेवढेही बघत नाहीत."

त्याने हे टोचून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो तसा माणूस नव्हता. तो उठून माझ्यासाठी दुसरी कॉफी घेऊन आला, कारण पहिली गार झाली होती.

मी त्याच दिवशी अध्यक्षांना लिहिलं. माझी चूक झाली, रकान्याचा अर्थ मला कळला नव्हता, विषय पुन्हा घ्या. पुढच्या बैठकीत मी उभी राहून सगळं सांगितलं, गोलकीपरचं, छोट्या पोराचं. फिनलंडचे गृहस्थ मान खाली घालून ऐकत होते, त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "हे आधी मला विचारलं असतं तर." बाकीचे ओशाळले, पण नव्या कोचशी करार झालेला होता. अध्यक्ष माझ्याकडे बघून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "त्या मीटिंगची मिनिट्स कन्फर्म झाली ला. रीओपन करायची नाहीत, हा तुमचाच रूल." आणि त्या बैठकीचं इतिवृत्तही मीच लिहिलं. माझी विनंती फेटाळल्याची नोंद मी माझ्या हाताने, क्रमांक घालून केली.

बायोडेटा मी लिहून दिला. मी लिहिलेल्या कागदांतला तो सगळ्यांत चांगला कागद असेल. पण क्लबांची उत्तरं यायच्या आत त्याचा महिना संपला. तो भावाच्या गावी गेला. तिथल्या रिंकवर बर्फ सपाट करणारं यंत्र चालवायचं काम तात्पुरतं मिळालं होतं. निरोपाला सगळे पालक आले. केक कापला. ज्या बाईंना तो व्हायोलंट वाटला होता त्यांनी सर्वांत जास्त फोटो काढले. लेक त्याच्या शेजारी उभी राहिली नाही. ती कपडे बदलायच्या खोलीतून बाहेरच आली नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघीच होतो. समोरची जागा रिकामी होती. लेकीला एव्हाना सगळं कळलेलं होतं. क्लबमध्ये काही लपत नाही. टाम्पिनीस गेलं, बेडोक गेलं. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आई, तू त्याला विचारलं का नाहीस? दर रविवारी इथेच तर बसायचा."

मला खोटं बोलता आलं असतं. वेळ नव्हता, समितीचं काम होतं, असलं काहीतरी. पण तिचा चेहरा बघून ते जमलं नाही. मी म्हटलं, "मला त्याचा राग आला होता. तुला पुढे खेळव म्हणून मी पाच वेळा सांगितलं. त्याने ऐकलं नाही. कारणसुद्धा सांगितलं नाही."

तिने बॅगेची चेन उघडली, पुन्हा लावली. मग म्हणाली, "ते मी सांगितलं होतं."

"काय?"

"मला पुढे जायचं नव्हतं. मला मागे आवडतं. पण तुला सांगितलं तर तू चिडली असतीस, आणि तो तक्ता... सो मी त्याला म्हटलं, आई विचारेल, तू नाही म्हण. आणि माझं नाव सांगू नको, प्लीज."

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाला, ओके. तुझ्या आईला माझ्यावर चिडू दे, इट्स फाइन." तिचा आवाज फाटला. "आई, त्याने मीटिंगनंतरपण नाही सांगितलं. मी म्हटलं होतं ना, सांगू नको."

ती रडायला लागली, मोठ्याने, डब्यातल्या लोकांदेखत. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि ती खिडकीकडे सरकली. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की मी तो हात पुन्हा पुढे केला नाही.